किनुयोसानची घंटा

प्रिय तोमो,

लोणच्याचे मुळे धुरावर टांगून झाले आणि हात धुऊन लगेच लिहायला बसले आहे. अंगाला, केसांना धुराचा वास आहे, तो कागदालाही लागला असेल. नाक मुरडू नकोस. यंदा निम्मेच मुळे केले. "एवढं लोणचं आता खाणार कोण?" असं हे म्हणाले. थंडी पडली की ह्यांचा गुडघा धरतो, बाकी तब्येत ठीक. डोंगराच्या वरच्या अंगाला दोनदा बर्फ पडून गेलं. तुझ्या भाड्याच्या खोलीतला हीटर नीट चालतो का? अकितात समुद्राचा वारा फार, आणि तू गळ्याला काही गुंडाळायचं नेहमी विसरतोस. फोन करायचा सोडून ताई पत्र कसलं लिहिते, असं तुला वाटेल. अरे, फोनवर मी बोलायला लागले की तू मध्येच विचारतोस, "हे कधीचं?", "तुला कोणी सांगितलं?", "तू स्वतः पाहिलंस का?" मग माझं मूळ बोलणं राहूनच जातं. कागदावर मी एकटीच बोलेन.

तुझी ही सवय आजची नाही म्हणा. आई लाकडाच्या गिरणीत कामाला जायची आणि शाळेतून आले की मी तुला पाठीशी बांधून भात लावायची, तेव्हापासून तुला ओळखते. दुसरीत असताना तू कागदावर गावच्या बातम्या लिहून आपल्या दारावर चिकटवायचास. शेजारच्या मांजरीला चार पिल्लं झाली असं लिहिलंस. मी म्हटलं, पाच आहेत. तू तिथल्या तिथे माझ्याशी भांडलास, मग चपला घालून गेलास, मोजून आलास, आणि चारावर काट मारून पाच केलंस. पुढे मोठ्या वर्तमानपत्रात लागलास तेव्हा आईनं तुझ्या पहिल्या बातमीचं कात्रण देव्हाऱ्यापुढे ठेवलं होतं. मग त्या वर्तमानपत्रानं तुमची शाखाच बंद केली आणि तू बॅग घेऊन परत आलास. मला वाटलं, आता पोरगं खचलं. पण महिनाभरात तू आपल्या गावाच्या नावानं 'तोचिसावा रोजच्या रोज' हा ब्लॉग सुरू केलास. कुठला पूल दुरुस्तीला बंद, दवाखान्यात डॉक्टर कुठल्या वारी येणार, कोण वारलं, कुणाच्या शेतात भलामोठा भोपळा आला. ज्यांच्याकडे फोनवर बघायची सोय नव्हती त्यांच्यासाठी सहकारी दुकानातली बाई रोज छापून गल्ल्यापाशी लावायची, आणि म्हातारी माणसं भाजी घ्यायच्या निमित्तानं तिथे उभी राहून वाचायची. शाळेच्या खेळांत धावण्याच्या शर्यतीत पहिला आलेल्या पोराचं नाव तू चुकवलंस, तेव्हा मिठाईचा डबा घेऊन त्याच्या घरी माफी मागायला गेला होतास. त्याची आई मला म्हणाली, "अहो, एवढ्याशा चुकीसाठी मोठा माणूस दारात वाकून उभा! मलाच लाज वाटली." मी त्या दिवशी फार मिरवले.

बोलणारी माणसंही होतीच. शिकारी मंडळानं रानडुकरं आवरली, त्याचा फोटो तू लावलास. त्यात तुझे भाऊजी मधोमध उभे. लगेच टोफूवाल्या कुदोबाई दुकानात चारचौघांत म्हणाल्या, "मेव्हण्याचा फोटो बघा केवढा! घरचाच पेपर झालाय आता." लोक हसले. मीही हसले, टोफू घेतला आणि आले. तू मात्र ते मनाला लावून घेतलंस. त्या दिवसापासून ह्यांच्याबद्दल काही लिहायचं झालं की तू हात आखडता घ्यायचास. आपल्या माणसाला झुकतं माप द्यायचं नाही, हे तू इतकं घोकलंस की त्यांच्या पारड्यात जे त्यांचं होतं तेही टाकेनास. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. ह्या वर्षभरात बसून बसून कळलं.

गेल्या वर्षीची ती गोष्ट तुला नव्यानं सांगायची गरज नाही, पण माझ्या बाजूनं ती तू कधी सलग ऐकली नाहीस. मी जेवणाची भांडी घासत होते. गावकचेरीतून फोन आला की बालवाडीमागच्या अक्रोडाखाली अस्वलीण आलीय, पिल्लू बरोबर आहे. ह्यांनी जॅकेट चढवलं, बंदूक घेतली आणि जाताना म्हणाले, "भात झाकून ठेव." पोरांना आत घेतलं होतं. चौकीतला तो तरुण हवालदार तिथे होता. पोरं सुटायची वेळ झाली होती आणि आया फाटकाशी जमायला लागल्या होत्या. अस्वलीण कुंपणाकडे वळली तसा हवालदार म्हणाला, "मारा, इवाओसान, मारा!" ह्यांनी तिला मारलं. पिल्लू झाडावर चढलं होतं. पिंजरा लावू या का, असं ह्यांनी विचारलं. पिंजरा शेजारच्या गावात. हवालदार फोनवर वरच्यांशी बोलला आणि मान हलवून म्हणाला, "तेही." मग ह्यांनी तेही मारलं. एका खिडकीचा पडदा ओढायचा राहिला होता. आणि फाटकाबाहेरच्या एका आईनं सगळं फोनमध्ये टिपलं.

हे घरी आले तेव्हा झाकलेला भात तसाच राहिला. पायऱ्यांवर बसून बूट काढता काढता म्हणाले, "पिल्लू फार लहान होतं गं." नंतर तू आलास. तू भावासारखा आला नाहीस, वही घेऊन आलास. त्यात मला वाईट वाटलं नाही, तुझं कामच ते. तू विचारलंस, "भाऊजी, मारायला कोणी सांगितलं?" हे म्हणाले, "हवालदारानं." तू ठाण्याला फोन केलास, ते म्हणाले तपासून कळवतो. कचेरीवाले म्हणाले आत्ता काही बोलता येणार नाही. तोवर त्या बाईनं काढलेली चित्रफीत गावभर फिरत होती, कुणी म्हणत होतं दारू पिऊन मारलं, कुणी म्हणत होतं हौस म्हणून मारलं. तू संध्याकाळपर्यंत थांबलास, ठाण्याला पुन्हा फोन केलास, आणि मग लिहिलंस. 'बालवाडीच्या खिडकीसमोर पिल्लावर गोळी.' खाली होतं की पोलिसांनी आदेश दिला असं संबंधित शिकाऱ्याचं म्हणणं आहे, पोलिसांनी त्याला दुजोरा दिलेला नाही. आणि अगदी शेवटी तू प्रामाणिकपणे एक ओळ टाकलीस, की सदर शिकारी हे लेखकाच्या थोरल्या बहिणीचे पती आहेत.

त्या ओळीमुळे आमचं दार सगळ्यांना सापडलं, तोमो. ह्यांचं नाव तू कुठेच लिहिलं नव्हतंस, पण तुझं नाव होतं, आणि तुला बहीण एकच. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू झाला. टोकियोहून, ओसाकाहून, ज्यांनी जन्मात अस्वल पाहिलं नाही अशा माणसांचे. कुणी रडायचं, कुणी शिव्या द्यायचं. एक बाई रोज आम्ही जेवायला बसलो की फोन करायची आणि विचारायची, "आज घास उतरतोय का घशाखाली?" मी म्हटलं, तार काढून टाकू. हे ऐकेनात. "कचेरीचा फोन आला तर? कुठे अस्वल आलं असलं म्हणजे?" असं म्हणून स्वतः उचलायचे, शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे आणि दर वेळी "माफ करा" म्हणून रिसीव्हर ठेवायचे. माझ्या घरात ते दोन शब्द इतक्या वेळा बोलले गेले की ते कानावर आले की मी नळ मोठा सोडायची.

त्या दिवसांत शेजारच्या किनुयोसान नसत्या तर मला वेड लागलं असतं. रोज सकाळी घरचं आवरून त्या यायच्या, कोतात्सुच्या उबदार मेजाखाली पाय घालून बसायच्या आणि फोन वाजला की माझ्या आधी हात घालायच्या. "कोण? शिकारी? अहो, हे न्हाव्याचं घर आहे. केस कापायचे असले तर या, नाहीतर ठेवा!" एकाला तर म्हणाल्या, "बाळा, तू जेवलास का? आवाज फार बारीक लागतोय." त्यानं फोनच ठेवून दिला. आम्ही दोघी पोट धरून हसलो. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, पाठीत वाकलेली, आणि तोंड हे असं. हेसुद्धा आतल्या खोलीत हसले, मी ऐकलं.

तेव्हाच एकदा तू स्वयंपाकघरात उभा होतास, आठवतं? मी तुला म्हटलं, तोमो, हे काय लिहिलंस रे? तू चिडला नाहीस, शांतपणे म्हणालास, "ताई, त्यात एक शब्द खोटा दाखव." मी म्हटलं, खोटा कुठलाच नाही, पण ह्यांचं म्हणून त्यात काय उरलंय ते सांग. तू म्हणालास, "दुसरा कुणी शिकारी असता तरी मी हेच लिहिलं असतं." पण मला अजून वाटतं, दुसरा कुणी असता तर तू हवालदाराला घरी गाठलं असतंस, पिंजऱ्याचं विचारलं असतंस, आणि ठाण्याचा फोन येईपर्यंत मथळ्यातून ती खिडकी बाजूला ठेवली असतीस.

पुढे पोलिसांनी कबूल केलं. हवालदारानं सांगितलं होतं, वरच्यांनी त्याला तसं कळवलं होतं, सगळं खरं. तू त्याच दिवशी दुरुस्ती टाकलीस, सगळ्यात वर, मूळ बातमीएवढीच मोठी, स्वतःच्या नावानं माफी मागून. तू काही हातचं राखलं नाहीस, हे मी कुणापुढेही सांगेन. पण तुझी पहिली बातमी देशभर गेली होती आणि दुरुस्ती गावातसुद्धा पोचली नाही. जिथे पोचली तिथे काय झालं? कुदोबाई दुकानात म्हणाल्या, "बघा, शेवटी मेव्हण्याला सावरायला बातमी बदललीच." सहकारी दुकानातल्या बाईनं दुरुस्तीचा कागद लावला होता, त्यावर कुणीतरी पेनानं लिहिलं, 'घरचा पेपर'. तू तो कागद काढून घडी करून खिशात घातलास. तुझा चेहरा मी पाहिला, आणि मला तुझी कीव आली. आधी तू आपल्या माणसाशी कठोर झालास म्हणून आम्ही बुडालो, आणि खरं लिहिलंस तर तो आपला माणूस म्हणून कुणी विश्वास ठेवला नाही.

बर्फ वितळल्यावर ह्यांनी बंदूक साफ केली, कापडात गुंडाळली आणि परवान्यासकट ठाण्यात नेऊन दिली. मला विचारलं नाही. परत आले आणि रिकाम्या कपाटाचं दार उघडंच ठेवलं, म्हणाले, "हवा लागू दे." मंडळात उरलेले सगळे सत्तरीकडे झुकलेले. त्यांच्यातले एक जण आमच्याकडे चहा पिता पिता म्हणाले, "थंडीत आपण मरायचं, गुडघे आपले जायचे, आणि वर शिव्या खायच्या? जाऊ दे, इवाओ. पोरांच्या आया बघून घेतील." ह्या उन्हाळ्यात तिथल्या तिथे मंडळ संपलं. तू अकितात नोकरी धरलीस, आणि ब्लॉग मात्र शनिवार-रविवारी येऊन चालवत राहिलास.

यंदा डोंगरातली झाडं फळांविना रिकामीच गेली. अस्वलं खाली येणार हे लहान पोरालाही कळत होतं. किनुयोसान वरच्या शेतात अरवीचे कंद काढायला गेल्या होत्या. त्यांचा भाचा "अस्वल, अस्वल!" ओरडत खाली आला. कचेरीतले साहेब आमच्या दारात आले आणि बूट न काढताच गुडघ्यावर बसले, "इवाओसान, एकदाच. फक्त एकदा या." हे उठून उभे राहिले, सवयीनं कपाटाकडे गेले, रिकाम्या कपाटात हात घातला आणि तसेच उभे राहिले. मग फावडं घेऊन निघाले. मी ह्यांच्या कमरेला मिठी मारून अडवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी ह्यांच्याशी झटापट केली. शेजारच्या गावातले शिकारी यायला फार वेळ लागला. अग्निशमन दलानं किनुयोसानना खाली आणलं तेव्हा अंगावर ताडपत्री होती.

तू लगेच आलास आणि आठवड्यानं लिहिलंस, 'गावात बंदूक का नव्हती'. तोमो, ते चांगलं लिहिलं होतंस. पिंजऱ्याचं होतं, हवालदाराचं होतं, ते फोन होते, ह्यांची बंदूक ठाण्यात गेली तेही होतं. मी दोनदा वाचलं. ज्या बातमीसाठी मी वर्षभर तरसले ती ही. पण ती वाचून माझ्या हाताला काही लागलं नाही. ज्यांनी फोन केले होते त्यांनी ती वाचली नसणार. ह्यांना वाचून दाखवली तर म्हणाले, "बरोबर आहे सगळं," आणि अंगणात जाऊन लाकडं फोडत बसले. आणि त्यातच मध्ये एक वाक्य होतं, की अस्वलं दूर राहावीत म्हणून कचेरीनं घंटा बांधून फिरण्याच्या सूचना दिल्या होत्या, मात्र अग्निशमन दलाच्या माहितीनुसार घटनेच्या वेळी मृत महिलेकडे घंटा नव्हती.

किनुयोसानचा मासातो, चाळिशीचा बाप्या माणूस, लहान पोरासारखा आमच्या दारात येऊन उभा राहिला. "काकू, आई घंटा बांधून गेली होती. रोज बांधायची. तुमच्या भावाला म्हणायचंय काय, तिची चूक होती?" तू पुन्हा दलाला विचारलंस, ते म्हणाले आम्हाला दिसली नाही. पोलिसांनी सांगायला नकार दिला. मग तू बातमीखाली जोडलंस, की घंटेबाबत कुटुंबीय व अग्निशमन दल यांच्यात मतभेद आहेत. मासातो तो कागद हातात धरून भर दुकानात ओरडला, "माझ्या आईची घंटा म्हणजे मतभेद?" कुदोबाई पुढे झाल्या आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या, हेही तुला सांगायला हवं.

घंटा मी पाहिली होती. दवाखान्यातून त्यांच्या वस्तूंची पिशवी मिळाली तेव्हा मासातोच्यानं ती उघडवेना, मी उघडली. कमरेची दोरी तुटलेली होती आणि घंटेत चिखल गच्च भरला होता, हलवली तरी वाजेना. मी ती नळाखाली धरून काडीनं कोरून साफ केली आणि त्यांच्या उशाशी ठेवली. म्हणून तर तुला फोन केला. मी म्हटलं, तोमो, मी माझ्या हातानं धुतली, लिही. मग म्हणालास, "ताई, तू घरची आहेस. तुझ्या शब्दावर मला छापता येणार नाही. लोक काय म्हणतील तुला माहीतच आहे." तुझं बरोबर असेल. त्या दुकानात काय म्हणाले असते ते मलाही ठाऊक आहे. मी रिसीव्हर ठेवला आणि तशीच उभी राहिले. ह्यांनी विचारलं, "काय म्हणाला?" मी म्हटलं, कामात आहे.

आता लिहायचं ते लिहिते. पुढच्या महिन्यात आईचं तेराव्या वर्षाचं श्राद्धकार्य आहे. भटजींना सांगितलंय, मावशी येणार आहे. मी तुला बोलवायला फोन करत नाही असं बघून हे काल म्हणाले, "तोमोची गादी उन्हात घालायला काढ, एवढ्या लांबून येईल तो." ह्यांच्या मनात तुझ्याबद्दल काही नाही. कुणी विचारलं तर अजून सांगतात, आमच्या मेव्हण्यासारखा सरळ माणूस दुसरा नाही. मीच गादी काढली नाही. तू येऊ नकोस, तोमो. हे ह्यांचं सांगणं नाही, माझं आहे. तू समोर बसशील, मी तुला भात वाढेन, आईच्या जुन्या गोष्टी निघतील, आणि मी बोललेला प्रत्येक शब्द तू मनात कुठल्या खणात टाकतोयस, खरा, ऐकीव की घरचा, तेच मी बघत राहीन. आईच्या फोटोपुढे मला तसं बसवणार नाही. तू वाईट नाहीस. मलाही कुठली दुरुस्ती नको आहे, होती ती तू सगळी केलीस आणि तिनं काय झालं ते आपण दोघांनी पाहिलं. कधीतरी ये म्हणावंसं वाटेल का, ते मला माहीत नाही, आणि माहीत नसताना तुला आशा लावून ठेवणार नाही. तिकडे कुठल्यातरी देवळात आईसाठी उदबत्ती लाव. माझ्या वाटणीची मी इथे लावते.

जिनं तुला पाठीशी वागवलं ती तुझीच,
मित्सुएताई